आराखड्यात आमचा विद्यार्थी कुठे आहे?

विद्यापीठांना सध्या आराखड्यांचा मोठा सोस लागला आहे. कुणाचा पाच वर्षांचा, कुणाचा दहा वर्षांचा, तर कुणाचा थेट २०४७ पर्यंतचा. गुळगुळीत कागद, रंगीत आलेख आणि शेवटी प्रगतीचा तक्ता : इतकी नवी केंद्रे, इतके करार, इतके शोधनिबंध, नॅकची अमुक श्रेणी. आम्ही वकिली करणारी माणसे. दस्तऐवज हाती आला की त्यात काय लिहिले आहे यापेक्षा काय गाळले आहे ते आधी पाहतो. आरोग्य आणि समाजकार्य शिकविणाऱ्या संस्थांचे जे आराखडे आमच्या पाहण्यात आले, त्यांत गाळलेला माणूस बहुधा एकच असतो. तो म्हणजे शिष्यवृत्तीवर शिकणारा विद्यार्थी.

देवनारच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचेच उदाहरण घेऊ. १९३६ साली नागपाड्यात समाजकार्याचे शिक्षण देण्यासाठी ती सुरू झाली. १९६४ साली अभिमत विद्यापीठ झाली. आज तेथे समाजकार्याचे वेगळे प्रशाला-केंद्र आहे, आरोग्य व्यवस्थांच्या अभ्यासाचे वेगळे आहे. शेजारी गोवंडीच्या वस्त्या, पलीकडे देवनारचे डम्पिंग ग्राउंड. या एम पूर्व वॉर्डात संस्थेने स्वतः मोठा प्रकल्प चालविला. गरिबी म्हणजे काय, वंचितता म्हणजे काय, हे देशाला शिकविण्याचा अधिकार या संस्थेने कमावला आहे, हे आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो.

आणि याच संस्थेने मे २०१७ मध्ये सूचना काढली की, भारत सरकार पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्तीच्या अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्यांनी यापुढे वसतिगृह व भोजनाचे पैसे भरावेत. ओबीसी विद्यार्थ्यांची सवलत त्याआधीच काढून घेतली होती. फेब्रुवारी २०१८ मध्ये मुंबई, तुळजापूर, हैदराबाद आणि गुवाहाटी या चारही ठिकाणचे विद्यार्थी संपावर गेले. तुळजापूरचा विद्यार्थी संपावर जातो तेव्हा त्याच्या घरी काय चालले असेल, याचा विचार वाचक बांधवांनी करावा. व्यवस्थापनाचे म्हणणे होते की, शासनाकडून पैसे वेळेवर येत नाहीत, तूट वाढली आहे.

तूट असेल. पण ती कुणाची? शिष्यवृत्तीची रक्कम शासनाने द्यायची, संस्थेने घ्यायची. देणेकरी शासन, घेणेकरी संस्था. या व्यवहारात विद्यार्थी ना ऋणको ना जामीनदार. मग वसुली त्याच्याकडून का? साध्या दिवाणी दाव्यातसुद्धा तिऱ्हाइताच्या घरावर जप्ती आणता येत नाही! येथे मात्र संस्थेच्या नियोजनातील भोक विद्यार्थ्याच्या ताटातून बुजविले गेले. ज्याला ते नियोजन म्हणतात, त्याला आमच्या भाषेत गळचेपी म्हणतात.

ही शिष्यवृत्ती म्हणजे कुणाचा दानधर्म नव्हे. बाबासाहेबांनी १९४२ साली व्हाईसरॉयला अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे सविस्तर निवेदन दिले आणि त्यात शिक्षणासाठी सरकारी पैशाची मागणी केली. १९४४ साली पोस्ट मॅट्रिक योजना सुरू झाली तेव्हा ते व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर मंत्री होते. आज आपल्या घराघरांत जे डॉक्टर, परिचारिका, प्राध्यापक, वकील दिसतात (आम्हीही त्यातलेच), त्यांच्या मागे हा पैसा उभा आहे. तो उशिरा येतो म्हणून विद्यार्थ्याने आधी भरावा, असे म्हणणे म्हणजे योजनेचा प्राणच काढून घेणे होय.

पुढे डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने पाच वर्षांसाठी ५९,०४८ कोटी रुपयांची सुधारित योजना मंजूर केली. केंद्राचा वाटा ६० टक्के ठरला आणि तो थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जाऊ लागला. वरवर पाहता ठीक. पण पैसे खात्यात पडेपर्यंत कॉलेज थांबायला तयार असते काय? आमच्याकडे येणारी प्रकरणे पाहिली तर उत्तर मिळते. नर्सिंगचा अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या मुलीची मूळ प्रमाणपत्रे कॉलेजने अडकवून ठेवायची, कारण महाडीबीटीचा हप्ता आला नाही. आणि प्रमाणपत्रे नाहीत म्हणून तिची नोंदणी नाही, नोंदणी नाही म्हणून नोकरी नाही. २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत फ्रीशिप कार्डाची तरतूद आहे, म्हणजे आगाऊ फी न भरता प्रवेश. ते कार्ड किती कॉलेजांच्या कार्यालयीन बाबूंनी पाहिले आहे? उत्पन्नाची मर्यादाही याच सूचनांनी अडीच लाखांवर कायम ठेवली. नगरपालिकेतील कायम सफाई कामगाराचा मुलगा आज या मर्यादेत बसत नाही, म्हणजे शासनाच्या लेखी तो सधन झाला!

नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची गोष्ट थोडी वेगळी. १९९८ साली स्थापन झालेले हे विद्यापीठ वैद्यकीय, दंत, आयुर्वेद, होमिओपॅथी, नर्सिंग असे सगळे सांभाळते. त्याच्या बृहत् आराखड्यात जेथे सोय नाही अशा मागास भागाला आधी न्याय मिळावा, ही कायद्याचीच अपेक्षा. पण गडचिरोली, वाशीम, हिंगोली, बुलढाणा येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आली ती २०२४ साली, एकदम दहा कॉलेजांच्या घोषणेत. विद्यापीठाला तोवर २६ वर्षे झाली होती. असो, आली हे चांगलेच. आता विचारायचे ते एवढेच की, तेथील अध्यापकांची बिंदुनामावली तपासून घेतली आहे काय, आणि राखीव पदांपुढे 'योग्य उमेदवार उपलब्ध नाही' असा शेरा किती ठिकाणी मारला आहे?

प्रवेश मिळाला म्हणजे काम संपले असेही नाही. दिल्लीच्या एम्समधील भेदभावाच्या चौकशीसाठी प्रा. सुखदेव थोरात यांची समिती नेमली गेली. तिच्या २००७ च्या अहवालात वसतिगृहातील ठरावीक मजल्यांवर एकवटलेले आपले विद्यार्थी, शिक्षकांची तुटक वागणूक, हे सारे नोंदलेले आहे. २०१२ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने समता विनियम काढले. तरी मे २०१९ मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवी आपल्यातून गेली. कुठल्या संस्थेच्या प्रगतीच्या तक्त्यात 'जातीय छळाच्या तक्रारी : आलेल्या, निकालात काढलेल्या' असा रकाना आहे? आम्ही अजून पाहिलेला नाही.

नियोजन आपल्याला नको आहे असे नाही. १९५० साली बाबासाहेबांनी औरंगाबादला कॉलेज काढले, तेही नियोजनच होते. मुंबईत सिद्धार्थ चालू असताना ते मराठवाड्यात गेले, कारण निजामी राजवटीत तेथे उच्च शिक्षण जवळपास नव्हतेच. गरज कोठे आहे ते आधी पाहिले, इमारत नंतर.

तेव्हा आपल्या भागातील कार्यकर्त्यांनी या संस्थांकडून चार आकडे मागावेत. राखीव जागांवर किती विद्यार्थी आले आणि त्यांतले किती पदवी घेऊन बाहेर पडले. शिष्यवृत्तीचा प्रस्ताव कॉलेजने कोणत्या तारखेला पुढे पाठविला. किती जणांची कागदपत्रे फीपोटी अडवून ठेवली आहेत. अध्यापकांचा अनुशेष किती. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याच्या कलम ६ खाली अर्ज करावा. राज्याच्या संस्थेसाठी दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट पुरते. एका अर्जात एकच विषय घ्यावा आणि मजकूर दीडशे शब्दांत बसवावा, नाहीतर त्याच कारणावरून अर्ज परत येतो. म्हणजे चार आकड्यांसाठी चार अर्ज. तीस दिवसांत उत्तर आले नाही तर पहिले अपील आहेच, आणि त्या अपिलाला मुदत असते हे विसरू नये.