भिंती आणि रात्र : बर्लिनहून बमरोलीस

भुसार बाजाराच्या तेजीमंदीवर आमच्याहून अधिक जाणते व्यापारी बंधू या स्मरणिकेत लिहीत आहेतच. सबब आम्ही एका निराळ्या विषयावर चार शब्द लिहिण्याची मोकळीक घेतो.

गतवर्षी ज्येष्ठ महिन्यात आम्ही सपत्नीक युरोपात गेलो. आमचा भाचा हिऱ्यांच्या व्यापारानिमित्त अँटवर्प येथे असतो. त्याने आम्हांस तीन दिवसांकरिता बर्लिनला नेले. “मामा, तेथल्या भिंती आणि तेथली रात्र पाहण्यासारखी आहे,” असे तो म्हणाला तेव्हा आम्हांस हसू आले. भिंत ही चुना लावण्याची वस्तू व रात्र ही निजण्याची वेळ, एवढीच आमची आजवरची समजूत होती.

बर्लिनची भिंत १९६१ साली उभारली गेली व १९८९ साली पडली, हे सर्वश्रुत आहे. तिचा १,३१६ मीटर लांबीचा एक भाग स्प्रे नदीच्या काठी अद्याप उभा आहे. १९९० साली २१ देशांतील ११८ चित्रकारांनी तो रंगविला. पूर्वी भिंतीच्या पश्चिम बाजूवर लोक चित्रे काढीत. पूर्वेच्या बाजूस मात्र सशस्त्र पहारा असे व तिच्याजवळ जाणेही प्राणावर बेते. आज चित्रे आहेत ती त्याच पूर्व बाजूवर. एका चित्रात एक छोटी मोटार भिंत फोडून बाहेर येत आहे. आमच्या सौ. ने विचारले, “येथे तिकीट कोठे काढायचे?” तिकीट नव्हतेच. हमाल असो वा धनिक, रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाची ती मालमत्ता होती. शहरात अन्यत्र ओंगळ खरडपट्टीही पुष्कळ दिसली, हेही नमूद केले पाहिजे.

ही कल्पना आपणांस परकी नाही. सुरतेच्या दक्षिणेस, डहाणू-तलासरीच्या बाजूस, वारली बांधव कुडाच्या भिंतींवर तांदळाच्या पिठाने चित्रे रेखीत आले आहेत. त्यांतील जिव्या सोमा म्हसे यांची चित्रे १९८९ साली पॅरिसच्या प्रदर्शनात मांडली गेली व २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ज्या तांदळाचा आम्ही जन्मभर केवळ भाव केला, त्या तांदळाने एवढे कार्य साधले, हे आम्हांस साठी उलटल्यावर कळले!

आता रात्रीविषयी. त्या ऋतूत तेथे सूर्यास्त साडेनऊच्या सुमारास होतो; त्यामुळे चौविहार पाळण्यास अडचण पडली नाही. नाचगाण्याच्या जागांत आम्ही गेलो नाही, आणि तेथील मद्यपानाचे समर्थन आम्ही कदापि करणार नाही. परंतु शुक्रवारी व शनिवारी भुयारी रेल्वे रात्रभर धावते व मध्यरात्रीनंतरही एकट्या स्त्रिया तिने प्रवास करतात, हे आम्ही पाहिले. कोपऱ्याकोपऱ्यावर उशिरापर्यंत उघडी असलेली लहान दुकाने पाहिली. अशा दुकानांची प्रथा पूर्व जर्मनीत पाळीने काम करणाऱ्या कामगारांच्या सोयीसाठी पडली होती. पश्चिम बर्लिनमध्ये रात्री ठरावीक वेळी उपाहारगृहे बंद करण्याचा निर्बंध १९४९ साली उठला, तोही हाइन्झ झेलरमायर या हॉटेलचालकांच्या पुढाऱ्याच्या खटपटीने. म्हणजे रात्रीची ही सोय व्यापाऱ्याने मागितली आणि कामगारास मिळाली.

येथे आमची मान खाली गेली. बमरोलीत यंत्रमागांची पाळी रात्री सुटते. आमच्या वखारीसमोर एक चहा-पोह्यांची लारी उभी राहत असे. गर्दी होते, कचरा होतो, म्हणून तिच्याविरुद्ध केलेल्या अर्जावर पहिली सही आमची होती. लारी गेली. दिव्याखाली जमणारी माणसे गेली, आणि रात्री बारा वाजता वखारीची राखण करणारे जे शंभर डोळे होते तेही गेले! त्यानंतर आम्हांस पगारी रखवालदार ठेवावा लागला. हा हिशेब आमच्या वहीत मांडलेला आहे.

निजणाऱ्यांच्या झोपेचे काय, असा प्रश्न येईल व तो रास्त आहे. बर्लिनलाही तो पडला. तेव्हा २०१८ साली तेथे संगीताच्या जागा ध्वनिरोधक करण्यासाठी दहा लक्ष युरोंचा निधी उभारण्यात आला. त्यांनी रात्र बंद केली नाही, तिला शिस्त लावली. गुजरातच्या २०१९ च्या कायद्यानेही दुकाने अहोरात्र उघडी ठेवण्याची मुभा दिली आहे. कमी आहे ती आपल्या मनाची तयारी.

म्हणून आमच्या संघास तीन सूचना आहेत. ज्या भिंतींवर आपण केवळ पेढीच्या जाहिराती रंगवितो, त्यांतील प्रत्येकी एक भिंत चित्रकारास द्यावी, आणि त्यास मजुरी रोख द्यावी. पाळी सुटण्याच्या वेळी रस्त्यावर दिवा, पिण्याचे पाणी व स्वच्छतागृह यांची तजवीज करावी. लाऱ्यांना हुसकून न लावता त्यांची जागा, वेळ व कचऱ्याची जबाबदारी ठरवून द्यावी.

पहिली भिंत आमच्या वखारीची धरावी. त्या लारीवाल्याचा शोध आम्ही चालविला आहे. तो सापडल्यास त्याची क्षमा मागून त्यास त्याच्या जुन्या जागी बोलावू. सुज्ञ व्यापारी बंधूंनी या सूचनांचा विचार करावा, ही नम्र विनंती.