घट्ट टायर

बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सायकलींचे दुकान काढले ते १८८८ साली. डनलप यांना हवेच्या टायरचे पेटंट मिळाले तेही त्याच वर्षी. त्याच बेळगावी मी नवा शिक्षक असताना, शाळेच्या घाईत नवाकोरा घट्ट टायर स्क्रू-ड्रायव्हरने रेटला आणि ट्यूब फाडून बसलो. पहिली घंटा चुकली.

दुकानातला वृद्ध कारागीर हसून म्हणाला, “गुरुजी, रिम मध्यभागी खोलगट असते. व्हॉल्व्हच्या समोरून आरंभ करा, टायरची कड त्या खोलगटीत दाबीत दोन्ही बाजूंनी व्हॉल्व्हपाशी या. ढिलाई आपोआप मिळेल.” उरलेली कड नुसत्या अंगठ्यांनी आत गेली.

पुढे हट्टी विद्यार्थ्यावर छडी उगारताना तो टायर आठवे, आणि हात आपसूक खाली येई.