बाही दुमडलेली बाई आपली नव्हे

8 मार्च आला की आमच्या खोपोलीत निम्म्या जणींच्या स्टेटसवर तीच बाई उगवते: ठिपक्यांचा लाल रुमाल, दुमडलेली बाही, वळलेली मूठ. युद्धाने बायकांना कारखान्याचं दार उघडून दिलं, असा तिचा अर्थ आपण लावतो. मला तो पटत नाही. वेस्टिंगहाउस या अमेरिकी कंपनीने ते चित्र 1943 मध्ये स्वतःच्याच कारखान्यांत लावलं होतं, कामाचा जोर टिकावा म्हणून. मालकाची पाटी आपण मुक्तीचा झेंडा म्हणून मिरवतोय.

आपल्याकडे तर दार आधीच उघडं होतं. मुंबईच्या गिरण्यांत वाइंडिंग-रीलिंग खात्यांत बायका युद्धाच्या कितीतरी आधीपासून राबत होत्या. त्या गिरण्यांना वीज जायची ती 1915 पासून खोपोलीहून, 1922 पासून भिवपुरीहूनही. आपल्याच घाटातल्या पाण्याची. दुसऱ्या महायुद्धात कापडाची मागणी वाढली, पाळ्या वाढल्या. पण बाईला रात्री कारखान्यात कायद्याने मनाई होती. वाढलेली रात्रपाळी गेली पुरुषांकडे. कारण काय, तर बाईचं रक्षण!

हे रक्षण किती खरं? कोळसा कमी पडला तेव्हा याच सरकारने 1943 मध्ये बायकांवरची भूमिगत खाणकामाची बंदी उठवली. 1946 मध्ये ती परत लादली. बाईने खाणीत उतरावंच, असं मी म्हणत नाही. पण तिचं रक्षण सरकारच्या गरजेप्रमाणे चालू-बंद होत असेल, तर ते रक्षण नव्हे, बटण आहे.

1942 मध्ये माथेरानच्या भाई कोतवालांच्या आझाद दस्त्याने हीच वीज तोडायला मनोरे पाडले. 2 जानेवारी 1943 ला सिद्धगडावर ते हुतात्मा झाले. कर्जतमध्ये त्यांचं नाव आदराने घेतात, घ्यायलाच हवं. पण त्या तारांच्या दुसऱ्या टोकाला बॉबिनपाशी उभ्या असलेल्या बाईबद्दल मला शाळेत कुणी एक वाक्य सांगितलं नाही.

आज खालापूरच्या कारखान्यांत पॅकिंगला बसणाऱ्या बायका मी रोज बघते. बऱ्याच जणी कंत्राटावर, वर्षानुवर्षं ‘हेल्पर’च. त्यांनाही ‘आम्ही संधी दिली’ असंच ऐकवलं जातं. म्हणून पुढच्या 8 मार्चला ती मूठ नको. स्टेटसला एवढंच ठेवा: कामाची वेळ कोण ठरवतं, आणि हातात किती पडतात?