कुलाब्याच्या तटावर आमचा ‘स्क्वॉड’



तुमच्या वर्गातली मुलं मधल्या सुट्टीत काय बोलतात, कधी कान देऊन ऐकलंत का? माझ्या शाळेत डबा खाताना जी भाषा चालते ती आधी मला कळायचीच नाही. “तू घर पकड, मी मागून येणाऱ्याला बघतो.” “रश करू नको, स्मोक टाक, आधी याला उचलू.” “ग्लू वॉल लाव ना लवकर!” मला वाटायचं मारामारीच्या गप्पा आहेत. मी ओरडायचे. परिपाठात गेमच्या दुष्परिणामांवर दोन वेळा भाषणही दिलं. मुलं शांतपणे ऐकत, टाळ्या वाजवत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

एकदा सहावीतल्या एका मुलाशेजारी बसले आणि म्हटलं, “मला समजावून सांग बरं, तुम्ही नक्की करता काय?” हा मुलगा वर्गात तोंड उघडत नाही. वडील मच्छीमारीला जातात, आई बाजारात बसते. त्या दिवशी तो वीस मिनिटं बोलला. शंभर जण बेटावर उतरतात, चौघांचा एक स्क्वॉड. खेळायची जागा हळूहळू लहान होत जाते, बाहेर राहिलात की मेलात. जोडीदार पडला तर काही सेकंद त्याच्याजवळ थांबून त्याला उठवता येतं, पण तेवढा वेळ कुणीतरी आडोसा धरायला हवा. मी विचारलं, “सगळ्यात चांगला खेळाडू कोण? जास्त मारणारा?” तो हसला. “नाय मॅडम. तो पुढं धावतो नि पयला मरतो. जो जागा धरून ऱ्हातो नि सगळ्यांना सांगत ऱ्हातो, तो.”

हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. आपण चौथीला शिवछत्रपतींचा इतिहास शिकवतो. त्यात बहुतेक वेळ आपण चढाईच सांगतो. लढाई, तारीख, विजय. आणि आपण राहतो कुठे? जिथे अर्धा इतिहास जागा धरून राहण्याचा आहे अशा किनाऱ्यावर!

म्हणून मी सहावी-सातवीची मुलं घेऊन अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर गेले. ओहोटीला तिथे चालत जाता येतं. वेळ मुलांनीच काढली. एकाच्या आजोबांनी हिशोब शिकवला होता: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे तीन वाजता भरती, म्हणजे ओहोटी सकाळी नवाच्या सुमारास. (चतुर्थी निवडली आणि किल्ल्यातल्या गणपतीच्या दर्शनाला गर्दी! हे मात्र आमच्या लक्षात आलं नव्हतं.) अपूर्णांकांचा पाठ मी तीन आठवडे घेतला होता, तो या एका गणितात मुलांना पटला.

किल्ल्यावर मी एकच प्रश्न दिला. “तुम्ही आत आहात, शत्रू बाहेर. कुठे उभे राहाल?” मग मी गप्प बसले, आणि हे मला फार जड गेलं. पोरं तटावर पांगली. कुणी दरवाज्यापाशी, कुणी बुरुजावर. तो न बोलणारा मुलगा उत्तरेकडे बोट दाखवून म्हणाला, “मॅडम, तो छोटा किल्ला कशाला?” तो सर्जेकोट. मी उत्तर देणार तेवढ्यात दुसरा म्हणाला, “अरे, तो खडक शत्रूने घेतला तर तिथून आपल्यावरच तोफ लावेल ना! म्हणून दोघं शेजारच्या घरात ठेवायचे.” मी डी.एड.ला ज्ञानरचनावादावर दहा मार्कांचं उत्तर लिहिलं होतं. ते असं असतं हे तेव्हा कळलं.

तटाचे मोठे दगड चुना न भरता नुसते रचलेले आहेत, तेही मुलांनी हात घालून पाहिलं. लाट आदळते, पाणी फटींत शिरतं, जोर मोडतो. एकाने विचारलं, “म्हणजे भिंतीला भोकं ठेवली म्हणून भिंत टिकली?” आत गोड्या पाण्याची पुष्करणी आहे. तिच्यापाशी मात्र सगळे गोंधळले. गेममध्ये तहान लागत नाही.

इथे मला माझं म्हणणं मांडायचं आहे. गेममधला बचाव मुलांना बऱ्याच गोष्टी खऱ्या शिकवतो: आडोसा, माहिती देणं, पडलेल्याला न सोडणं. पण तो एक मोठी गोष्ट लपवतो. डाव अर्ध्या तासात संपतो. खरा बचाव महिनोन्‌महिने चालतो आणि तो अन्न, पाणी, दगड वाहणाऱ्यांच्या जिवावर चालतो. थळसमोरचं खांदेरी घ्या. 1679 साली महाराजांनी त्या बेटावर बांधकाम सुरू केलं. मायनाक भंडारी तिथे होते. मुंबईच्या इंग्रजांनी वेढा घातला, पुढे सिद्दीही आला. इंग्रजांची जहाजं मोठी, तोफा जास्त. पण त्यांना वारा लागायचा. मराठ्यांच्या छोट्या होड्या वल्ह्यांवर, उथळ पाण्यातून, रात्री किनाऱ्यावरून सामान घेऊन बेटावर पोचायच्या. 18 ऑक्टोबरला मोठी चकमकही झाली. शेवटी सिद्दीने शेजारची उंदेरी धरली, पण खांदेरी मराठ्यांकडेच राहिली. 2025 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांत ती आहे. मला विचाराल तर तो मान त्या वल्हवणाऱ्यांचाही आहे, आणि त्यांचे वंशज आपल्या पटावर आहेत.

आणि स्क्वॉड फुटला की काय होतं, तेही कुलाब्यालाच बघा. 1721 च्या अखेरीस इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून आंग्र्यांवर चालून आले. बाजीराव मदतीला आले. थोड्याच दिवसांत पोर्तुगीजांनी परस्पर तह केला आणि इंग्रज एकटे पडले. हे सांगितल्यावर मागून आवाज आला, “टीममेटने धोका दिला!” इतिहासाच्या तासाला एवढा हशा मी ऐकला नव्हता.

आता तुम्ही म्हणाल, मॅडम गेमची वकिली करतात. नाही हो. 2 सप्टेंबर 2020 ला पब्जीवर बंदी आली, फेब्रुवारी 2022 मध्ये फ्री फायरवर आली. आमच्या गावात एक दिवसही खेळ थांबला नाही, मुलं दुसऱ्या नावाच्या गेमवर गेली. बीजीएमआयमध्ये अठरा वर्षांखालच्यांना दिवसाला तीन तासांची मर्यादा आहे, पण खातं बाबांच्या नंबरावर असतं. आणि फोन घरात आणला कुणी? लॉकडाऊनमध्ये ‘ऑनलाइन अभ्यासाला फोन घ्या’ असं दारोदार सांगत मीच फिरले होते. काही घरांनी जाळी दुरुस्तीचे पैसे त्यात घातले. आता पालकसभेत त्याच आईवडिलांना ‘फोन देता कशाला’ म्हणायला मला तोंड नाही.

म्हणून माझी विनंती एवढीच की बंदी आणि भाषण यावर थांबू नका. मुलाला जे येतं ते आधी विचारा. कुठे थांबायचं, कधी मागे यायचं, हे ज्याला बोटांनी कळतं त्याला ‘वाया गेला’ म्हणून मागच्या बाकावर बसवणं ही आपली चूक आहे. मी ती दोन वर्षं केली.

तो मुलगा सुधारला का, असं केंद्रातल्या एका सरांनी विचारलं. सोमवारी तो अजूनही पेंगतो, रविवारी रात्री उशिरापर्यंत खेळलेला असतो. त्याच्या आईशी बोलले, आता रात्री फोन तिच्या उशाशी असतो, निदान ती घरी असते तेव्हा. पण खांदेरीवर त्याने अकरा ओळी लिहिल्या, जोडाक्षरांच्या चुकांसकट. खाली एक प्रश्न लिहिला होता: रात्री वल्ह्यांचा आवाज होऊ नये म्हणून काय करायचे? मला उत्तर येत नव्हतं. त्याला म्हटलं, बाबांना विचार. परवा मासेमारीवरून बोट आली की विचारणार आहे.