पिवळा दिवा पुसला, तिसऱ्या दिवशी पुन्हा पेटला. जुन्या गाडीवाल्यांचे पैसे नेमके जातात कुठे?

सांगोल्यातून डाळिंब भरून निघणारी पिकअप असो, दूध संकलनाचा टेम्पो असो की दारात उभी असलेली दहा-बारा वर्षांची व्हॅन, डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा पेटला की पुढचं सगळं ठरलेलं असतं. तालुक्याच्या गावी गॅरेज गाठायचं, मिस्त्री स्कॅनर लावतो, बटण दाबतो, दिवा जातो, पैसे द्यायचे आणि घरी यायचं. दोन-तीन दिवसांनी दिवा परत हजर. मग 'सेन्सर गेलाय' म्हणून एक सेन्सर बदलायचा. महिनाभराने दुसरा. गाडी तीच, दिवा तोच, खिसा मात्र हलका.

हा विषय आता एकेकट्याच्या डोकेदुखीचा राहिलेला नाही. जुनी गाडी ठेवणंच महाग झालंय. पंधरा वर्षं झालेल्या खासगी चारचाकीच्या नोंदणी नूतनीकरणाला पूर्वी ६०० रुपये लागायचे, एप्रिल २०२२ पासून ५,००० झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने वीस वर्षांपुढच्या चारचाकीसाठी ते १०,००० केले. आपल्या राज्याचा पर्यावरण कर वेगळा. मालवाहू गाडीला आठ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस. सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या कार आणि मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला हे खरं, पण डाळिंबाच्या एका हंगामाच्या भरवशावर नवी पिकअप काढायची हिंमत किती जणांत आहे? म्हणजे जुनीच चालवायची. अशा वेळी चुकीच्या दुरुस्तीवर गेलेला पैसा जास्त बोचतो.

दिवा परत का लागतो?

आधी दिवा म्हणजे काय ते बघू. इंजिनातले सेन्सर सतत संगणकाला माहिती देत असतात. धूर वाढेल असा काही बिघाड दिसला की संगणक त्याचा एक कोड नोंदवतो. बहुतेक बिघाडांत तो लगेच दिवा लावत नाही. लागोपाठ दोन-तीन फेऱ्यांत तोच बिघाड दिसला तरच लावतो. इथे फेरी म्हणजे गाडी सुरू करून, इंजिन गरम होईपर्यंत चालवून बंद करणं.

गोम इथेच आहे. मिस्त्रीने कोड पुसला तेव्हा बिघाड तसाच होता, फक्त संगणकाची मोजणी शून्यावर गेली. तुम्ही दोन-तीन दिवस गाडी चालवली, फेऱ्या भरल्या, दिवा परत आला. लोक म्हणतात 'तीन दिवस चांगली चालली, मग पुन्हा बिघडली'. खरं तर ती एक दिवसही चांगली झालेली नव्हती. बॅटरीची वायर काढून लावण्याचा जुना इलाजही याच जातीचा.

त्याहून वाईट म्हणजे कोडबरोबर संगणक आणखी एक नोंद ठेवतो. बिघाड झाला त्या क्षणी वेग किती होता, इंजिन किती फिरत होतं, किती गरम होतं. चढावर लोड असताना झालं की सकाळी थंड इंजिनावर, हे त्यावरून कळतं. कोड पुसला की ही नोंदही जाते. पंचनामा व्हायच्या आधीच जागा धुवून काढल्यासारखा हा प्रकार आहे. म्हणून गॅरेजवाल्याला पहिलं वाक्य हेच सांगायचं, 'पुसू नका, आधी कोड सांगा.' स्क्रीनचा फोटो आपल्या मोबाईलमध्ये काढून घ्या. फोटो काढू देत नसेल तर त्या गॅरेजातून गाडी काढलेली बरी.

दुसरी गोष्ट, कोड कधी पार्ट बदला असं सांगत नाही. तो फक्त कुठे गडबड दिसते ते सांगतो. पेट्रोल गाडीत पी-०१७१ आला म्हणजे पेट्रोलच्या मानाने हवा जास्त होतेय. यात ऑक्सिजन सेन्सरचं नाव निघतं आणि बिचारा तोच बदलला जातो. पण तो तर खबर देणारा. हवा कुठून तरी फटीतून शिरत असेल, पेट्रोलचा फिल्टर चोंदला असेल, पंप कमजोर झाला असेल. खबर देणाऱ्याला हाकलून खबर बदलत नाही.

आपल्याकडे तर निम्मी भानगड वायरिंगचीच निघते असं मिस्त्री मंडळीच सांगतात. गाडी गोठ्याशेजारी किंवा कडब्याच्या गंजीजवळ उभी, रात्री उंदीर वायर कुरतडतात. वॉशिंग सेंटरवर इंजिनावर प्रेशरचं पाणी मारलं की कनेक्टरमध्ये पाणी शिरतं. वर मोठा हॉर्न, एलईडी पट्ट्या, म्युझिक सिस्टीम, सगळ्यांना वायर सोलून जोड दिलेला. बॅटरी उतरलेली असली किंवा अर्थिंग ढिलं असलं तरी सेन्सरचे आकडे चुकतात आणि दिवा लागतो. नवा सेन्सर घेण्याआधी बॅटरी, अर्थिंग आणि त्या सेन्सरच्या वायरी तपासायला अर्धा तास लागतो.

इथेनॉलचा दोष किती?

सध्या कट्ट्यावर प्रत्येक दिव्याचं खापर इ-२० पेट्रोलवर फुटतं. आपल्या जिल्ह्यात हा विषय नाजूक आहे, कारण ऊस आपला, कारखाने आपले आणि इथेनॉलचा पैसाही फिरून आपल्याच उसाच्या बिलात येतो. म्हणून भावनेपेक्षा हिशोब बघू.

इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे तेवढ्याच हवेला इंधन जास्त द्यावं लागतं. निव्वळ पेट्रोलच्या तुलनेत २० टक्के इथेनॉलला साधारण आठ टक्के जास्त. इंजेक्शनवाल्या गाडीचा संगणक ऑक्सिजन सेन्सर बघून एवढी दुरुस्ती स्वतः करतो, त्याची कुवत याहून बरीच जास्त असते. त्यामुळे ठणठणीत गाडीत नुसत्या इ-२० मुळे दिवा लागायला नको. पण जुन्या गाडीत पाइपाला बारीक चीर, अर्धा चोंदलेला फिल्टर, थकलेला पंप हे आधीच असतं. संगणक ते ओढूनताणून सांभाळत असतो, त्यात इथेनॉलचा भार पडला की मर्यादा ओलांडली जाते. इथेनॉल पाणीही ओढतं आणि जुन्या टाकीच्या तळातला गाळ सुटून फिल्टरमध्ये येतो. मायलेजचं म्हणाल तर नीती आयोगाच्या तज्ज्ञ समितीने २०२१ च्या अहवालातच लिहून ठेवलंय, की जुन्या धाटणीच्या चारचाकीत ६ ते ७ टक्के घट येऊ शकते.

इ-२० विरोधातली याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ ला फेटाळली, त्यामुळे पंपावर दुसरा पर्याय लवकर मिळेल या आशेवर बसून उपयोग नाही. फिल्टर आणि रबरी पाइप वेळेवर बदला, टाकी तळाला नेऊ नका, गाडी महिनोन्‌महिने पेट्रोल भरून उभी ठेवू नका. माझ्या मते जुनी गाडी असलेल्यांना पंपावर कमी इथेनॉलचा पर्याय मिळायला हवा होता. ऊस उत्पादकाच्या विरोधात न जाताही ही मागणी करता येते.

डिझेलवाल्यांनी मात्र इथेनॉलला शिव्या देऊ नयेत, त्यांच्या टाकीत ते नाहीच. त्यांचं दुखणं वेगळं. बीएस-४ पिकअप आणि टेम्पोत धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारा ईजीआर व्हॉल्व्ह काजळीने चिकटतो. गाडी उठत नाही, चढाला दम टाकते, पी-०४०१ सारखा कोड येतो. मग कुणीतरी सुचवतं, 'पत्रा मारून बंद करून टाक.' गाडी काही दिवस हलकी वाटते, ड्रायव्हर खूश. पण संगणकाला धूर परत येताना दिसला पाहिजे, तो दिसत नाही, म्हणून दिवा येतच राहतो. आणि खरा नवा बिघाड झाला तरी दिवा आधीच पेटलेला, कळणार कसं? व्हॉल्व्ह काढून साफ करणं हे मेहनतीचं काम आहे, पण तेच करायचं.

दिवा असूनही पीयूसी मिळते, हेही लोकांना कोड्यात टाकतं. आपली पीयूसी गाडीच्या संगणकाला विचारतच नाही. पेट्रोल गाडीच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन, डिझेलच्या धुराची घनता, एवढंच मोजते. ईजीआर बंद केल्यावर वाढणारे नायट्रोजनचे ऑक्साइड त्यात येतच नाहीत. त्यामुळे पीयूसीचा कागद म्हणजे इंजिन निरोगी असल्याचा दाखला नव्हे.

मोबाईलवरच्या व्हिडिओंबद्दल जाता जाता एक. 'पेट्रोलच्या टाकीचं झाकण घट्ट करा, दिवा जाईल' हा सल्ला अमेरिकेतला आहे. तिथल्या गाड्या टाकीतून वाफ गळते का ते तपासतात. आपले नियम युरोपच्या धर्तीवर असल्याने इथल्या बहुतेक गाड्यांत ती तपासणीच नसते. झाकण जरूर घट्ट लावा, पण दिवा जायची वाट बघत बसू नका.

कधी थांबायचं ते मात्र माहीत हवं. पिवळा दिवा स्थिर असेल आणि गाडी नीट ओढत असेल तर माल पोहोचवून गॅरेजला जाता येतं. तो लुकलुकत असेल तर पेट्रोल गाडीत इंजिन मिस मारतंय, न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडे जातंय आणि महागडा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जळू शकतो. वेग कमी करा, शक्यतो थांबा. तेलाचा किंवा टेंपरेचरचा लाल दिवा आला तर विचार न करता इंजिन बंद.

स्कॅनर कुणाच्या हातात?

२०१० मध्ये देशातल्या ज्या १३ शहरांत बीएस-४ आधी लागू झालं त्यात सोलापूर होतं. बाकी देशात ते २०१७ च्या एप्रिलमध्ये आलं. सोळा पिनांचं ठरावीक सॉकेट आणि ठरावीक कोड ही व्यवस्था बीएस-४ गाड्यांना २०१३ पासून लागली. म्हणजे शहरातली गाडी आणि गावातली त्याच वर्षाची गाडी आतून वेगळी असू शकते. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावायचं छोटं ब्लूटूथ यंत्र आज काही शे रुपयांत मिळतं आणि मोबाईलवर कोड दाखवतं. जुन्या बीएस-३ गाड्यांत ते बहुधा चालत नाही, आणि कंपन्यांचे खास कोड त्याला वाचता येत नाहीत.

ते कोड वाचायला कंपनीचं यंत्र लागतं, आणि ते शहरातल्या शोरूमला. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं, त्यात वाहनं आणि शेती अवजारं दोन्ही आहेत. पण पोर्टलवर माहितीपुस्तक टाकणं वेगळं आणि सांगोल्याच्या मिस्त्रीला यंत्र परवडणं वेगळं. आपल्या आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिक आणि डिझेल मेकॅनिकचे ट्रेड चालतात. तिथे चांगला स्कॅनर ठेवून ठरावीक शुल्कात कोडचा छापील कागद दिला, तर पोरांचा सराव होईल आणि गाडीवाल्याचं भलंही. आमदार निधीतून याहून कमी कामाच्या गोष्टी होताना आपण बघतोच.

जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी

विकणारा आदल्या दिवशी कोड पुसून आणतो, किंवा सरळ बल्बच काढतो. इंजिन सुरू न करता चावी ऑन करा. पिवळा दिवा लागलाच पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर गेला पाहिजे. लागलाच नाही तर कुणीतरी हात मारलाय. मग स्कॅनर लावा. कोड पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली, हा आकडा बऱ्याच गाड्या दाखवतात. मालक म्हणतो 'सहा महिन्यांत हातही लावला नाही' आणि स्कॅनर दाखवतो ४० किलोमीटर, तर किंमत बोलायची घाई करू नका. इसार देताना कागदावर लिहून घ्या, की दोन-तीन दिवस लोड टाकून, इंजिन गरम-थंड करून गाडी चालवल्यावर दिवा आला नाही तरच उरलेली रक्कम.