मावशीची पायरी

भोपाळच्या आनंद नगरात, रायसेन रोडला, माझी मावशी राहते. काका ‘भेल’च्या (BHEL) कारखान्यातून रिटायर झाले, क्वार्टर सोडलं आणि जवळच घर बांधलं. 2016मध्ये मध्य प्रदेशाने सरकारी ‘आनंद विभाग’ काढला, देशातला पहिला. तेव्हा आम्ही तिला चिडवायचो, तुमच्या नगराचं आता खातंच निघालं!

मे 2020. व्हिडिओ कॉलवर अर्धी मावशी, अर्धा पंखा. ती गहू निवडत होती. जागतिक आनंद अहवालासाठी लोकांना जो प्रश्न विचारतात तो मी तिला विचारला: शून्यापासून दहापर्यंत पायऱ्यांची शिडी आहे, वर सगळ्यात चांगलं आयुष्य, तळाला सगळ्यात वाईट. तू कुठे? “सात,” ती म्हणाली. दूधवाला येतो, काका घरात आहेत, नात रोज फोनवर गोष्ट ऐकते. “और क्या चाहिए?”

मला वाटलं, माझ्या काळजीपोटी आकडा फुगवतेय. पण 2021च्या अहवालानेही तेच सांगितलं: महामारीच्या पहिल्या वर्षात काळजी आणि दुःख वाढलं, तरी आयुष्याला लोक देत असलेले सरासरी गुण फारसे हलले नाहीत. शेजारी रोज रुग्णवाहिका येऊ लागली की दूधवालासुद्धा मोठा वाटतो, एवढंच मला त्यातून कळतं.

सरासरी मात्र फार सोज्वळ असते. भोपाळात सुरुवातीला दगावलेल्यांत 1984च्या गॅसपीडितांचाच भरणा होता. ज्यांची फुप्फुसं आधीच गेली होती, ते पहिले गेले. एप्रिल 2021मध्ये भदभदा विश्रामघाटावर रांगा लागल्या. भेलच्या प्रकल्पातून रुग्णालयांना ऑक्सिजन जात होता, आणि मावशीच्या गल्लीतला एक मुलगा रिकामा सिलिंडर स्कूटरच्या पायाशी आडवा ठेवून शहरभर फिरत होता. त्या महिन्यात मी पायरी विचारली नाही. विलगीकरणातल्या तीन घरांच्या फाटकाला मावशी रोज डबा अडकवून येत होती. त्यातल्या एका घराशी तिचं पूर्वी पाण्यावरून भांडण होतं. अनोळख्यांना मदत करणारे त्या वर्षी जगभरच वाढले, महामारीपूर्वीच्या सुमारे सव्वापट झाले, हे पुढच्या अहवालात वाचलं.

सगळं सुरू झाल्यावर, 2023च्या दिवाळीत, पुन्हा विचारलं. “पाच.” का गं? “नातीला आता वेळ नसतो. क्लास असतात.”

आपल्या मंडळात तरी काय वेगळं? 2020च्या गणपतीत झूमवरच्या आरतीला एवढे चौकोन होते की पडदा दोनदा सरकवावा लागला. कुणाचा टाळ पुढे, कुणाचा ‘जयदेव’ मागे. तरी कुणाची तक्रार नव्हती. गेल्या वर्षी हॉल अर्धा रिकामा, आणि कार्यकारिणीकडे आलेली चार पत्रं पार्किंग आणि मोदकांच्या आकाराबद्दल. (त्यातलं एक माझंच होतं, हे कबूल करायला हवं.)

परवा मावशीनेच उलट विचारलं, “तू कितव्या पायरीवर?”

मी म्हटलं, आवाज तुटतोय.