पडत्या काळातले गड

कसाऱ्याची लोकल वासिंद सोडून पुढे निघाली की डाव्या अंगाला माहुलीचे सुळके दिसायला लागतात. नवरा, नवरी, करवली, भटोबा ही त्यांची नावे शहापूर तालुक्यात पोराटोरांनाही पाठ आहेत. सगळे लग्नघर डोंगरमाथ्यावर दगडाचे होऊन उभे आहे. मात्र याच डोंगरावर 1636 मध्ये निजामशाही बुडाली, हे सांगणारा माणूस त्या डब्यात सहसा भेटत नाही. भेटलाच, तर तोही पुढचे वाक्य घाईने उरकतो: ‘नंतर महाराजांनी घेतला ना किल्ला!’ या घाईबद्दल आज लिहायचे आहे.

1633 मध्ये दौलताबाद पडले. शहाजीराजांनी निजामशाही वंशातले एक मूल गादीवर बसवले आणि त्याच्या नावाने तीन वर्षे कारभार रेटला. पण शहाजहान स्वतः दक्षिणेत उतरला, आदिलशहाने त्याच्याशी तह केला आणि राजांच्या पायाखालची जमीन सरकत गेली. पोर्तुगिजांकडे आसरा मागितला, तोही मिळाला नाही. शेवटी उरली माहुली. खाली मोगलांचा खानजमान, त्याच्या जोडीला आदिलशाहीचा रणदुल्लाखान. जिजाबाई आणि सहा वर्षांचे शिवाजीराजे त्या वेढ्यात गडावरच होते, असे परंपरा सांगते. शहाजीराजांनी गड खाली केला, ते मूल मोगलांच्या हवाली केले आणि आदिलशाहीची चाकरी पत्करली.

नामुष्कीची गोष्ट म्हणून आपण ती दोन ओळींत आटोपतो. वास्तविक स्वराज्याची सुरुवात समजून घ्यायची असेल, तर या दोन ओळींवरच थांबायला हवे. बापाने दुसऱ्याच्या नावाने राज्य चालवून पाहिले, मुलाने ते स्वतःच्या नावाने मांडले. या दोहोंमधला सांधा माहुलीवर आहे. तो वगळला, तर शिवाजी महाराजांचे सगळे कर्तृत्व आभाळातून पडल्यासारखे वाटते. मग त्यांना नमस्कार करायचा, एवढेच आपल्या हाती उरते.

माहुलीचे दुःख इथेच संपत नाही. 1658 मध्ये ती स्वराज्यात आली. 1665 मध्ये पुरंदरच्या तहात जे 23 किल्ले मोगलांना द्यावे लागले, त्यांत ती गेली. फेब्रुवारी 1670 मध्ये मराठ्यांनी रात्री गडावर चढाई केली. किल्लेदार मनोहरदास गौड सावध होता. हल्ला फसला आणि मावळ्यांची मोठी कत्तल झाली. त्याच महिन्यात तिकडे सिंहगड मिळाला, तानाजी पडले आणि घराघरांत पोहोचले. माहुलीच्या कड्याखाली पडलेल्यांच्या वाट्याला पोवाडा आला नाही, कारण त्या रात्री गड मिळाला नव्हता. पुढे मनोहरदासाने कुमक मिळत नाही म्हणून जागा सोडली आणि जूनमध्ये मोरोपंतांनी माहुली घेतली. आपल्या भाषणांत येतो तो हा जून. फेब्रुवारीतले मेलेले त्यात कुठे बसत नाहीत.

11 जुलै 2025 रोजी युनेस्कोने मराठ्यांच्या 12 किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. अकरा महाराष्ट्रातले, एक तमिळनाडूतला जिंजी. त्यात ठाणे जिल्ह्यातला एकही नाही. मग ‘आमची माहुली का नाही?’ असा प्रश्न येणारच. तो गैर नाही. यादीमुळे पैसा येतो, रस्ता होतो, लोक येतात. पण युनेस्कोच्या यादीत नसलेली माहुली आपल्या तरी आठवणीत कितपत आहे? पावसाळ्यात धबधब्याखाली भिजायला येणारे हजारो असतात. शिडी चढून माथ्यावर गेलेलाही महादरवाज्याजवळच्या देवड्यांत बसून डबा खातो, फोटो काढतो आणि उतरतो. त्याला दोष कशाला द्यायचा? आपण त्याला सांगितले काय?

पराभव सांगितले तर पोरांचे मनोधैर्य खचेल, असा एक आक्षेप हमखास येतो. त्याला उत्तर शेजारच्या मुरबाड तालुक्यात आहे.

भाई कोतवाल माथेरानचे, नाभिक समाजातले, शिकून वकील झालेले. खेडोपाडी शाळा आणि धान्यकोठ्या काढता काढता 1942 च्या लढ्यात उतरले. त्यांच्या आझाद दस्त्याने मुंबईला वीज नेणारे मनोरे कापून पाडले. युद्धकाळात गिरण्या आणि कारखाने थांबले तर सरकारला झळ बसेल, असा तो सरळ हिशेब होता. पोलीस मागावर लागले, दस्ता जंगलात शिरला. 2 जानेवारी 1943 च्या पहाटे सिद्धगडाच्या रानात पोलिसांनी त्यांना गाठले. भाई आणि हिराजी पाटील गोळीबारात गेले. भाईंचे वय तीस. दस्ता तिथे मोडला. नुसता निकाल पाहिला तर हा सपशेल पराभव. तरीही दरवर्षी 2 जानेवारीला थंडीत अंधारातून माणसे सिद्धगडाकडे निघतात. शाळांची पोरे येतात, म्हातारी माणसे येतात, सलामी होते. या गोष्टीने मुरबाडचे कोणी खचलेले मी पाहिले नाही. उलट तालुक्याला स्वतःची अशी जी ओळख आहे, तिचा मोठा भाग त्या पहाटेचा आहे.

आणखी एक गोष्ट. भाई माथेरानचे, हिराजी कर्जत तालुक्यातल्या मानिवलीचे. शहाजीराजे तर घाटावरचे. यांतला एकही शहापूर-मुरबाडचा नाही. या दोन तालुक्यांनी त्यांना जन्म दिला नाही, आसरा दिला. मोठे लोक पडत्या काळात इथे आले, कारण इथे उभे डोंगर होते, दाट रान होते आणि त्या रानाच्या वाटा जाणणारी माणसे होती. ती माणसे म्हणजे इथले ठाकर, कातकरी, महादेव कोळी, कुणबी. रानात लपलेल्या माणसाला भाकर लागते, पाणी लागते, खालची खबर लागते. हे सारे पायथ्याच्या गावांतून, पाड्यांतून येते आणि कोणी पुरवले हे कागदावर येत नाही. ज्याच्याकडून घेतले त्याचे नाव न लिहिण्याची ही सवय जुनी आहे आणि अजून गेलेली नाही. तानसाचे पाणी 1892 पासून मुंबईला जाते, पुढे भातसाचेही जाऊ लागले आणि शहापूरच्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते.

नाव लिहिल्याने काय होते, हे पाहायचे तर वैशाखऱ्यावरून नाणेघाट चढावा. वरच्या लेण्यात सातवाहनांच्या पुतळ्यांची ओळ होती. सिमुक, सातकर्णी, नागनिका, राजकुमार. आज तिथे पुतळे नाहीत. भिंतीच्या तळाशी पायांच्या खुणा आहेत आणि वर ब्राह्मीत ज्याचे त्याचे नाव. दोन हजार वर्षांत दगडाची माणसे झिजून, फुटून गेली. नावे वाचता येतात म्हणून कोण कुठे उभे होते ते कळते. बाजूच्या भिंतींवरच्या लेखात यज्ञांत दान दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, कार्षापणे यांचे आकडे आहेत. घाटातून ओझी वाहणाऱ्यांचा उल्लेख त्यात नाही. ती उणीव आता भरून निघणार नाही.

आपल्या काळातली निघू शकते. आझाद दस्त्याला कोणत्या गावाने, कोणत्या पाड्याने थारा दिला, कोणाला त्यापायी मार बसला, हे आजोबा-पणजोबांकडून ऐकलेली पिढी अजून हयात आहे. तालुक्यातल्या हायस्कुलांनी नववीच्या पोरांना वही घेऊन त्या घरांत पाठवावे. गावाचे नाव, माणसाचे नाव, ऐकलेली हकिगत आणि कोणाकडून ऐकली ते लिहून घ्यावे. दोन हकिगती जुळल्या नाहीत तर दोन्ही ठेवाव्यात. पुढच्या 2 जानेवारीला सिद्धगडावर भाषणे थोडी कमी करून ती नावे वाचावीत.

आणि माहुलीच्या पायथ्याला एक साधा फलक असावा. त्यावर 1636, 1665, फेब्रुवारी 1670 आणि जून 1670 अशा चारही तारखा सारख्याच अक्षरांत लिहाव्यात. त्यांतल्या तीन हरल्याच्या आहेत, म्हणून त्या लहान अक्षरांत घालू नयेत. युनेस्कोची यादी वाढेल तेव्हा वाढेल. या फलकासाठी पॅरिसच्या मान्यतेची गरज नाही, ग्रामसभेचा ठराव आणि वनखात्याची परवानगी पुरे.